लोण्याच्या चढावरचा तांबडा दांडा

थांबवा, नाना. पेटी थांबवा.

...

किती शांत झालं पाहा! मघाशी त्या खांबाजवळून कुणी तरी फर्माईश केली — "बुवा, ते चढाचं पद म्हणा!" — आणि नानांची बोटं सवयीनं त्या सुरावर गेली. तबल्यानंही मान डोलावली. फक्त मी तोंड उघडलं नाही. आता तुम्ही एकमेकांकडे बघता आहात. बुवांचा आवाज बसला का? बुवा रागावले का? पुढे बसलेल्या आजींनी तर खडीसाखर काढून पदराच्या टोकात धरली आहे. राहू द्या, आजी. घसा शाबूत आहे. दुसरंच काही तरी बसलं आहे.

मंडळी, ते पद तुम्हाला पाठ आहे. माझंच आहे. एकोणीस वर्षांपूर्वी मीच रचलं, मीच चाल लावली, आणि गावोगाव मीच विकलं —

*रोज जे न लागे, ते ते ओझे जाण।*
*हलके हो प्राण, चढ सोपा॥*

गात नाही हं, नुसतं सांगतो आहे. ऐकायला गोड आहे की नाही? टाळ्या हमखास! तर आज त्या पदाऐवजी एक प्रश्न घ्या. जे रोज लागत नाही, ते खरंच ओझं असतं का? आणि दुसरा प्रश्न, त्याच्या पोटात दडलेला — एखादी गोष्ट आपण टाकून दिली, पण तिची मूठ मात्र जागच्या जागी ठेवली, तर त्याला काय म्हणायचं?

उत्तर देऊ नका. आधी ऐका.

सह्याद्रीच्या पोटात एक खोरं आहे. नाव सांगत नाही. तिथल्या माणसांनी पुष्कळ सोसलं आहे, त्यात माझ्या कीर्तनाची भर नको. चहूबाजूंनी डोंगर, मध्ये चाळीस उंबरे, आणि बाहेर पडायला एकच वाट — खिंडीतून वर. इतर गावचे लोक डोंगरावरून खाली उतरून बाजाराला जातात. या गावाला बाजारासाठी आधी चढावं लागतं. जन्मतःच चढ वाट्याला आलेलं गाव! आणि त्या वाटेवर, खिंडीच्या अलीकडे, एक वळण आहे. तांबडी, चिकण, तुळतुळीत माती. श्रावणात तिथं बैलाचे खूरही घसरतात, उमटलेले ठसे लिहिलेलं पुसावं तसे पुसले जातात. लोक त्याला म्हणतात लोण्याचा चढ.

या गावात गाडी एकच. लष्कराच्या लिलावातली जुनी जीप. चालक हैबती ढेबे. पन्नाशीचा, शिडशिडीत, बोलायला मिठ्ठास, आणि गाडीवर जीव असा की पावसात स्वतः भिजेल पण बॉनेटवर ताडपत्री टाकील. त्या जीपमध्ये गिअरच्या बाजूला आणखी एक छोटा दांडा होता. तांबड्या मुठीचा. एरवी गाडी मागच्या दोन चाकांवर चालायची. तो दांडा ओढला की — खट्! — पुढच्या चाकांनाही ताकद मिळायची. चारी चाकं मातीत नखं रोवायची आणि जीप लोण्याचा चढ चढून जायची, रेड्यासारखी फुरफुरत.

आता बायकांना यंत्रातलं काय कळतं, असं म्हणू नका! त्यांना नेमकं तेवढंच कळलं, जेवढं कळायला हवं. दसऱ्याला गावातल्या सगळ्या बाया येत, आणि स्टिअरिंगला नव्हे, इंजिनाला नव्हे — त्या तांबड्या मुठीला हळदकुंकू लावत. वाघजाईचा दांडा म्हणत त्याला. आणि खोऱ्याचा एक रिवाज होता. लोण्याच्या चढाला गाडी आली की सगळे गप्प. हैबतीनं दांडा ओढला, खट् वाजलं, की सगळे एका आवाजात — "वाघजाईच्या नावानं चांगभलं!" आणि मग कुणी हलायचं नाही, कुणी उतरायचं नाही. दांडा ओढल्यावर उतरणं म्हणजे देवीवर अविश्वास!

आता दोष कुणाचा ते शोधू नका. गाडीच्या टाकीपासून सुरुवात करू. डिझेलचा पंप खिंडीपलीकडे, तालुक्याला. आठवड्याला दोन कॅन मिळायचे. त्यात दोन खेपा व्हायच्या — एक बाजाराची, एक दवाखान्याची. आणि गावातल्या सात मुली तालुक्याच्या वसतिगृहात शिकायला. शनिवारी त्यांना घरी आणायला तिसरी खेप हवी. डिझेल कुठून आणायचं? सात घरांतल्या सात आया शनिवारी दुपारी खिंडीकडे बघत बसायच्या. मुली यायच्या सणाला.

हैबतीला हे बघवत नव्हतं. म्हणून त्याच्या डोक्यात एकच शब्द शिरला. ॲव्हरेज!

हसता काय? हा आपल्या काळाचा महामंत्र आहे! घरात नवी गाडी आली की पेढा तोंडात जाण्याआधी प्रश्न — ॲव्हरेज किती देते? मुलगी बघायला गेलेले लोकसुद्धा चहा पिता पिता अंगणातल्या मोटारसायकलकडे बोट दाखवून तेच विचारतात. जावयाचं ॲव्हरेज विचारायची सोय नाही, म्हणून आपण गाडीचं विचारतो!

त्या चैत्रात तालुक्याला सप्ताह होता आणि कीर्तन माझं होतं. हैबती गावची दहा माणसं घेऊन आला होता. मी हे पद म्हटलं. रंगलं. लोक रडले. त्यानंतर मी मंडपामागे बसलो होतो, उपरणं ओलं, पाय दुखत होते, आणि मला चहा हवा होता. मंडळी, हे नीट लक्षात ठेवा. मला चहा हवा होता.

हैबती आला. पाया पडला. म्हणाला, "बुवा, एक इचारू?"

"विचार, बाबा."

"वर्षातनं चार-दोनदाच लागतं आन् बाकी वर्षभर उगा संगं फिरतं, असं काय असंल तर? तेबी वझंच का?"

मी म्हणालो, "अरे, तेच तर खरं ओझं!"

आणि कप उचलला. कशाबद्दल विचारतोस — हे दोन शब्दांचं वाक्य मला सुचलं नाही. चाळीस वर्षं मी शब्दांच्या उंबऱ्यावर बसलो आहे, पण त्या संध्याकाळी माझं उत्तर प्रश्नाच्या आधी दारातून बाहेर पडलं.

दुसऱ्याच दिवशी हैबती नझीर मिस्त्रीकडे. तालुक्याला चिंचेखाली त्याचं गॅरेज. गाडीखाली निजलेला मिस्त्री, बाहेर फक्त पाय. लोक त्याच्या पायांशीच बोलतात — आणि खरं सांगतो, त्या पायांचं मी आज स्मरण करतो.

"मिस्त्री, ॲव्हरेज वाढवायचंय."

पाय म्हणाले, "टपावरचं कॅरिअर काढ. पुढचा लोखंडी गार्ड काढ, पाऊण क्विंटल लोखंड घेऊन कुणाशी लढाई करायचीय? टायरीत हवा नीट ठेव. आणि तुझा पाय हलका कर, हैबती. तू एक्सलेटर तुडवत नाहीस, मळणी काढतोस."

"ते करतोच. पन पुढच्या चाकांना ताकद नेतो, त्यो शाफ्टबी काढायचा."

पाय थांबले. मग मिस्त्री सबंध बाहेर आला. कपाळावर ग्रीस.

"का?"

"रोज फुकट फिरतो त्यो. गाडी मागच्या चाकांवर चालती, आन् ह्यो खाली नुसताच गरगरतो. डिझेल खातो."

"फुकट नाही फिरत," नझीर म्हणाला. "तयार राहतो."

ऐका, मंडळी, ऐका! सप्ताहात मी तीन दिवस जे सांगितलं, त्याचं उत्तर चिंचेखालच्या माणसानं दोन शब्दांत दिलं. तयार राहतो! पण त्याला ना पेटी, ना तबला. कोण ऐकणार?

हैबती म्हणाला, "बुवांनी सांगितलंय."

"बुवा जीप चालवतात?"

"मिस्त्री, सात पोरी हायेत. दर शनवारी येतील. थोडं थोडं वाचलं तरच तिसरी खेप बसती."

नझीर मिस्त्रीलाही मुली होत्या. त्यानं कपाळावरचं ग्रीस पुसलं. मग म्हणाला, "ठीक आहे. गाडी तुझी. काढतो. पण मग हा तांबडा दांडाही काढतो, आणि ते भोक पत्र्यानं बंद करतो."

"दांडा कशापायी?"

"खाली काही नाही, तर वर मूठ कशाला? काढायचं तर काढ, भाऊ. पण काढलंय हे बघणाऱ्याला दिसलं पाहिजे."

हैबती हसला. "दांडा ऱ्हाऊ दे. दसऱ्याला बाया हळदकुंकू कशाला लावतील? पत्र्याला?"

दांडा राहिला.

आणि मंडळी, लबाडी करणार नाही — हैबतीचा हिशेब चुकला नव्हता! लिटरला आठ देणारी गाडी बाराला टेकली. तिसरी खेप सुरू झाली. वैशाखातल्या पहिल्या शनिवारी जीप खिंडीतून उतरली आणि तिच्यातून सात वेण्या वाऱ्यावर आल्या. आयांनी भाकरतुकडा ओवाळून टाकला. देवळासमोर हैबतीला नारळ दिला, फेटा बांधला. कुणी तरी विचारलं, "हैबतीदा, असं केलंस तरी काय?" तो म्हणाला, "उगाचचं वझं काढलं." सगळे हसले. त्या क्षणी सांगता आलं असतं. फेटा डोक्यावर होता, नारळ हातात होता, आणि वाक्य ओठांवर होतं. पण फेटा बांधलेल्या माणसाला खरं बोलणं फार अवघड जातं. मी रोज बांधतो, मला ठाऊक आहे.

आषाढ आला. माती भिजली. हैबती चढाच्या अलीकडेच गाडी थांबवू लागला. "उतरा, उतरा! पाय मोकळे करा! म्हातारपण लवकर आणायचंय का?" लोक हसत उतरायचे, चालत चढायचे. रिकामी गाडी तो कडेच्या दगडांवरून कशीबशी काढायचा. चेष्टेच्या पदराखाली किती गोष्टी झाकता येतात! रिवाज मोडला, आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही, कारण तो हसत हसत मोडला.

मग श्रावणातली एक सकाळ.

गौळाबाई — खोऱ्याची सुईण. साठ वर्षांची. त्या चाळीस उंबऱ्यांतलं अर्धं गाव तिच्या हातात पहिल्यांदा रडलेलं. स्वतः हैबतीची पोरंसुद्धा. तिची सून चंद्रा, पहिलटकरीण. पहाटेपासून कळा. आणि गौळाबाईनं पोटावरून हात फिरवला, आणि तिचा हात थांबला. मूल आडवं होतं.

"धाऊ," ती मुलाला म्हणाली, "हे माझ्या हातचं न्हाय. हैबतीला हाक मार."

हैबती आला, धावतच आला. मागे चंद्रा आडवी, तिचं डोकं गौळाबाईच्या मांडीवर. धाऊ आणि आणखी चार गडी मागच्या फळीवर उभे. जीप निघाली. ओढा ओलांडला. आणि लोण्याचा चढ आला.

आज "पाय मोकळे करा" कुणाला म्हणणार?

सगळे गप्प झाले, रिवाजाप्रमाणे. चंद्राचा कण्हण्याचा आवाज तेवढा. हैबतीनं गाडी दामटली. मागची चाकं फिरली, फिरली — जागच्या जागी. चिखल उडाला. जीप हातभर मागे आली.

गौळाबाई म्हणाली, "दांडा वढ, हैबती."

आणि मंडळी, हैबतीनं दांडा ओढला.

खट्!

तो आवाज खरा होता! दांड्याच्या आतले दाते जागच्या जागी होते, ते एकमेकांत बसले. खोटं होतं ते त्याच्या पुढे. तिथं काही नव्हतं. हवा होती. आणि मागून आवाज आला — कळा देणाऱ्या चंद्राचासुद्धा त्यात आवाज होता, मंडळी — "वाघजाईच्या नावानं चांगभलं!"

चाकं जागच्या जागी.

धाऊनं मागून उडी टाकायला पाय काढला. "आये, आमी झोळी करतो. बांबू तोडतो. खिंड काय लांब न्हाय, उचलून नेतो!"

झोळी म्हणजे काय, ते खोऱ्यातल्या पोरालाही ठाऊक. बांबूला लुगडं बांधायचं, माणूस त्यात घालायचं, चौघांनी खांदा द्यायचा. शेकडो वर्षं असंच चाललं होतं. खिंडीपलीकडे डांबरी रस्ता, गाड्या येतात-जातात.

गौळाबाई ओरडली, "खाली उतरू नगंस! दांडा वढलाय न्हवं? आता चढंल. दम धर!"

धाऊनं पाय मागे घेतला.

हैबतीनं आरशात बघितलं. गौळाबाई त्याच्याकडे बघत होती. ज्या डोळ्यांनी त्याची तिन्ही पोरं जन्मताना पाहिली, त्या डोळ्यांत शंकेचा एक कण नव्हता. माणसाला राग सहन होतो, शिवी सहन होते. विश्वास सहन होत नाही. त्यानं पुन्हा दांडा ओढला. खट्. पुन्हा चाकं. पुन्हा ओढला. ढग खिंडीवरून उतरले, गाडीला शिवले, परत वर गेले. किती वेळ? कुणी म्हणतं अर्धा तास, कुणी म्हणतं कमी. खोटं उभं असताना घड्याळाकडे कोण बघतो?

शेवटी हैबतीनं इंजिन बंद केलं. स्टिअरिंगवर डोकं टेकलं. म्हणाला —

"दांड्याखाली काय न्हाय, मावशे. मी चैतातच काढलंय."

कुणी शिवी दिली नाही. वेळच नव्हता. धाऊनं कोयता घेतला, बांबू आडवा केला. गौळाबाईनं अंगावरचं लुगडं अर्धं फाडलं. चंद्राला झोळीत घातलं. पहिला खांदा धाऊचा होता. दुसरा हैबतीचा. चौघांचे पाय मातीत घोट्यापर्यंत, आणि चिखल प्रत्येक पावलाला हिशेब विचारल्यासारखा धरून ठेवत होता. खिंड आली. रस्ता आला. दुधाचा टेम्पो थांबला. दवाखाना आला.

चंद्रा वाचली.

मूल मुलगी होती. तिनं डोळे उघडले नाहीत.

धाऊनं डॉक्टरीणबाईंना विचारलं, "अर्धा तास आधी आलो असतो तर?" त्या तरुण होत्या, भल्या होत्या. म्हणाल्या, "सांगता येत नाही."

मंडळी, "होय" म्हणाल्या असत्या तर माणूस रडून मोकळा झाला असता. "नाही" म्हणाल्या असत्या तर झोपला असता. "सांगता येत नाही" — या तीन शब्दांत ते खोरं आजही राहतं.

नाना, तंबोरा तेवढा चालू राहू द्या. बाकी काही नको.

आता तुम्ही मनात म्हणत असाल, हैबती वाईट. नाही हो! वाईट माणसाच्या गोष्टी सोप्या असतात, त्या सांगून मी इतका थकलो नसतो. त्यानं शाफ्ट काढला सात मुलींसाठी. मुली आल्याही. बारीकसारीक काटकसर करणं पाप नाही. कॅरिअर काढा, गार्ड काढा, पाय हलका ठेवा — बरकतच आहे. आणि शाफ्टही काढायचा असेल तर काढा, एखादे वेळी तेही करावं लागतं. पण मग पत्रा ठोका! सांगा, की या गाडीच्या भरवशावर श्रावणात निघू नका. झोळीचे बांबू तोडून ठेवा. खोऱ्याला चालण्याची लाज नव्हती. त्या मुठीनं त्यांना बसवून ठेवलं.

आणि तुमच्या घरात? तिकडे मान वळवू नका, तुमच्याकडेच बघतो आहे. सख्ख्या भावाला फोनवर म्हणता ना — "काही लागलं तर नुसती हाक मार!" केवढी तांबडी, केवढी गुळगुळीत मूठ! खाली शाफ्ट आहे? की तो कधीचाच काढला, रोज फुकट फिरतो म्हणून? सकाळी देवापुढे घंटा वाजते, खट् आवाज होतो, अगदी खरा. पुढे कोणतं चाक फिरतं? म्हाताऱ्या आईला सांगून ठेवलंय, "मी आहे ना." ती त्या शब्दाला हळदकुंकू लावून बसली आहे. आपण हलके झालो, आपलं ॲव्हरेज वाढलं, आणि ती माउली एखाद्या सकाळी लोण्याच्या चढावर सगळ्यांना म्हणेल, "उतरू नका, त्यानं सांगितलंय." तिला आजच सांगा. घरी जाऊन सांगा. जोडता आलं तर जोडा, नाही तर मूठ काढा. मधलं काही नाही.

मी? मलाही सोडू नका.

त्या दसऱ्याला हैबती माझ्याकडे आला. हातात फडक्यात गुंडाळलेला दांडा. नझीर मिस्त्रीनं काढून दिला होता. म्हणाला, "बुवा, माझ्यासंगं चला. एकट्याचा पाय उचलत न्हाय." वाटेत त्यानं मला एकदाही त्या चैत्रातल्या संध्याकाळची आठवण करून दिली नाही. त्यानं दिली असती तर बरं झालं असतं. आम्ही खिंडीपर्यंत बसनं, मग चालत उतरलो. लोण्याचा चढ तेव्हा वाळला होता. त्यात चाकांच्या खोल चाकोऱ्या होत्या, तडकलेल्या.

गौळाबाई अंगणात नाचणी पाखडत होती. ओटीवर चंद्रा बसली होती, हात रिकामे. हैबतीनं दांडा जमिनीवर ठेवला. मुठीवर जुन्या दसऱ्यांचं कुंकू वाळून काळं झालेलं. तो म्हणाला, "मावशे, मार मला ह्यानं." आणि खाली बसला.

गौळाबाईनं सूप थांबवलं. दांड्याकडे बघितलं. फार हळू म्हणाली, "धाऊ उतरत व्हता. म्याच म्हनलं, उतरू नगंस."

एवढंच.

तेव्हा मला राहवलं नाही. मी पुढे झालो. म्हणालो, "आजी, ह्याला उत्तर मी दिलं होतं. ओझं टाक म्हणालो. कशाचं ते विचारलं नाही. माझं एक पद आहे त्यावर. लोक मागतात. ते मी पुन्हा म्हणू की नको? तुम्ही सांगाल तसं करीन."

तिनं माझ्याकडे पाहिलं. सुपातली नाचणी टोपलीत ओतली. गुडघ्यावर हात टेकून उठली, टोपली काखेला लावली, त्या तांबड्या मुठीला वळसा घातला, आणि परसाकडे निघून गेली.